भोगवे–निवतीच्या सहलीपूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात समुद्राचे नाव निघाले की बहुतेक मंडळी गणपतीपुळे किंवा मालवण-तारकर्ली गाठतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत तेथेही रंकाळ्यावरच्या रविवारच्या संध्याकाळसारखीच गर्दी भेटते. ज्यांना ती नको असते, त्यांच्यासाठी आम्ही वेंगुर्ला तालुक्यातील भोगवे व निवती या परिसराची सहल आखतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे उत्तरेच्या अंगाला देवबागची वाळूची पट्टी आहे आणि दक्षिणेला भोगवे. देवबागकडे जलक्रीडा, होड्या आणि निवासांच्या पाट्या दिसतात. खाडीच्या अलीकडे मात्र माडांच्या बागा, विखुरलेली घरे आणि लांबवर पसरलेली वाळू एवढेच आहे. गाव शांत राहिले आहे, कारण तेथे पर्यटकांसाठी फारशी सोय उभी राहिलेली नाही. ही गोष्ट आधी मान्य असेल तरच ही सहल आपल्याला आवडेल, म्हणून आरक्षणापूर्वी हे पत्रक घरातील सर्वांनी वाचावे, अशी विनंती आहे.

कोल्हापूरहून कोकणात थेट रेल्वे नाही. वैभववाडीपर्यंतच्या लोहमार्गाची चर्चा आपण सगळेच वर्षानुवर्षे ऐकत आहोत. त्यामुळे प्रवास रस्त्यानेच होतो. सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावडा, तेथून करूळ घाटाने वैभववाडी, पुढे तळेरे येथे मुंबई–गोवा महामार्ग आणि मग कणकवली, कुडाळ, परुळे असा आमचा नेहमीचा मार्ग असतो. दरड कोसळल्यास किंवा दुरुस्तीसाठी घाट बंद असल्यास फोंडा घाटाने अथवा आजरा–आंबोली मार्गे सावंतवाडीवरून जावे लागते, आणि अशा वेळी पोहोचण्यास उशीर होतो. पैसे काढणे, गाडीत इंधन भरणे, औषधे घेणे ही कामे कुडाळातच उरकावीत. किनाऱ्यालगत मोबाईलची रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही, तेव्हा रोख रक्कम जवळ असलेली बरी.

आम्ही सहलीची तारीख पंचांग समोर ठेवून ठरवतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कारण भरती-ओहोटीचे आहे. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि तिची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते; पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा आणि पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. गावागणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून शेवटचा शब्द तेथील मच्छीमारांचा मानावा. पण एवढ्यावरूनही लक्षात येईल, की अष्टमीच्या सुमारास गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर चढलेले असते व चालायला वाळूची अरुंद पट्टीच उरते, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाणी खूप मागे हटून ओली, टणक वाळू मोकळी होते. मात्र याच दिवसांत उधाण असते. दुपारच्या भरतीचा जोर मोठा असतो आणि पाणी ओसरताना ओढही जास्त असते.

पोहण्याविषयी आमचे मत कडक आहे आणि ते बदलणार नाही. निर्जन किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असे धरून चालू नये. कर्लीच्या मुखाजवळ खाडीचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकमेकांत मिसळताना प्रवाह फसवे होतात. तेथे पाण्यात उतरण्यास आमच्या सहलीत परवानगी नाही. इतरत्रही कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. कोल्हापूरची मंडळी पंचगंगेत पोहायला शिकलेली असतात, पण नदीतल्या सरावावर समुद्राचा अंदाज बांधता येत नाही. एखाद्यास पाणी आत ओढू लागलेच, तर किनाऱ्याकडे सरळ झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे.

निवास गावातील घरांमध्ये असतो. खोल्या स्वच्छ असतात, पण उंची हॉटेलच्या सेवेची अपेक्षा ठेवू नये. जेवण घरचे, म्हणजे घावन, आंबोळी, कुळथाची पिठी, सोलकढी आणि त्या दिवशी होडीतून जे उतरेल ते मासे. सुरमई आधीपासून ठरवून मिळत नाही. बांगडा आला तर बांगडाच खावा, आणि तो ताजा असताना उत्तमच लागतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी यांसारख्या दिवशी काही घरांत मासे शिजत नाहीत. तांबड्या-पांढऱ्याची फर्माईश यजमानांकडे कृपया करू नये. त्यासाठी परतल्यावर आपले कोल्हापूर आहेच. मार्च-एप्रिलमध्ये गेल्यास ओल्या काजूगरांची उसळ मात्र आवर्जून मागावी.

निवती हे मच्छीमारांचे गाव आहे. येथील किल्ल्याच्या टेकडीवरून भोगव्याचा किनारा पूर्ण नजरेत येतो आणि समुद्रात वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांवरील दीपगृहही दिसू शकते. टेकडी सकाळीच चढावी, कारण दुपारी ऊन फार लागते. किनाऱ्यावर रापण लागलेली असेल तर थांबून अवश्य पाहावे. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकले जाते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे तालात ओढत आणतात. हे त्यांच्या पोटापाण्याचे काम आहे, म्हणून दोरांमध्ये शिरून छायाचित्रे काढू नयेत आणि माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत. थंडीत या तालुक्यातील वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात. रात्री किनाऱ्यावर प्रखर विजेऱ्या पेटवल्या तर मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. वाळूत गाडी घालणे, मोठ्या आवाजात गाणी लावणे आणि किनाऱ्यावर मद्यपान करणे या तीन गोष्टी आम्ही चालवून घेत नाही.

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. मे महिन्यात आंबे असतात, पण उकाडाही असतो. पावसाळ्यात ही सहल आम्ही नेत नाही. समुद्र खवळलेला असतो, घाटात धुके असते आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते.

आरक्षण करताना किती जण शाकाहारी आहेत, लहान मुले किती आहेत आणि कोणाला जिने चढण्याचा त्रास आहे का, एवढे अवश्य कळवावे. यजमान त्यानुसार परुळे-कुडाळहून बाजार करून ठेवतात आणि खोल्या वाटून देतात, म्हणून संख्येतील बदल निघण्याच्या किमान दोन दिवस आधी आमच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. दर आणि तारखा सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिल्या आहेत.