पक्षिनिरीक्षण, महाराष्ट्रातील

पक्ष्यांना न मारता, न पकडता त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहणे, ओळखणे आणि दिसलेल्याची स्थळ-काळासह नोंद ठेवणे, म्हणजे पक्षिनिरीक्षण. दुर्बीण, टिपणवही व ओळखपुस्तिका ही त्याची साधने सर्वपरिचित आहेत. भारतात तेराशेंहून अधिक व महाराष्ट्रात साडेपाचशेंच्या आसपास पक्षिजाती नोंदल्या गेल्या आहेत. कोणत्या जुन्या नोंदी ग्राह्य धरायच्या आणि कोणत्या उपजातींना स्वतंत्र जातीचा दर्जा द्यायचा, यावर हा आकडा अवलंबून असल्याने निरनिराळ्या सूच्यांत तो थोडा वरखाली होतो.

या छंदाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथात श्येनविनोदाचे, म्हणजे ससाण्याकरवी केलेल्या शिकारीचे, तपशीलवार वर्णन आहे. हंसदेव या जैन पंडिताचा मृगपक्षिशास्त्र हा ग्रंथ साधारणतः तेराव्या शतकातला मानला जातो. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी तो मराठीत आणला. या दोन्हींत सूक्ष्म निरीक्षण आहे, पण पहिल्याचा हेतू मृगयेचा व दुसऱ्याचा वर्गीकरण-वर्णनाचा. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक पक्षी दिसला अशा स्वरूपाची नोंद त्यांत नाही. त्यामुळे त्यांना पूर्वपीठिका मानून प्रत्यक्ष आरंभ एकोणिसाव्या शतकात धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबई इलाख्याचे संख्याशास्त्रीय वृत्तनिवेदक, म्हणजे प्रदेशाची आकडेवारी गोळा करणारे अधिकारी, म्हणून १८२४ मध्ये नेमले गेलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेपुढे मांडली. सव्वादोनशेंहून अधिक जातींच्या या सूचीतून ढोकरी, राखी सातभाई, साइक्सचा चंडोल आणि सह्याद्रीतील विगर्सचा सूर्यपक्षी यांची पहिली शास्त्रीय वर्णने आली. साइक्स, अहमदनगरचे मिशनरी फेअरबँक, सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन या साऱ्यांची कामाची रीत एकच होती : पक्षी बंदुकीने टिपायचा, कातडे सोलून भरायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवरचे गाव आणि तारीख हाच पुरावा. तो खोटा निघाला तर काय होते, हे रानपिंगळ्याच्या प्रकरणात पुढे दिसेल.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले व फुटकळ नोंदींना हक्काचे स्थान मिळाले. बंदुकीकडून दुर्बिणीकडे झालेला बदल मात्र सावकाश झाला. त्यातील ठळक टप्पा म्हणजे सालिम अली (१८९६–१९८७) यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात केलेला सुगरण पक्ष्याचा अभ्यास. घरटे विणतो तो नर. खोप्याचा वरचा भाग विणून झाला की माद्या येऊन आत शिरून पारख करतात. मादीने पसंत केले तरच तो अंड्यांची खोली व खाली लोंबणारी नळी पुरी करतो. नापसंत खोपा अर्धवट टोपीसारखा लटकत राहतो. एक मादी अंड्यांवर बसली की नर शेजारीच दुसऱ्या खोप्याला हात घालतो. हे सारे एकाच वसाहतीपाशी दिवसचे दिवस बसल्यावाचून उलगडले नसते.

रानपिंगळा : महाराष्ट्रातील नोंदींच्या विश्वासार्हतेची सर्वांत मोठी परीक्षा या लहानशा घुबडाने घेतली. आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर परिसरात १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवलेल्या नमुन्यावरून पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय असे नामकरण केले. त्यानंतर ओडिशातून एक व पश्चिम खानदेशातून डेव्हिडसन यांनी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर पक्षी पुन्हा कोणाच्या हाती आला नाही. अपवाद एकच : ब्रिटिश सैन्याधिकारी व पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील, १९१४ मध्ये गुजरातेतील तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी असलेला नमुना. ही नोंद ग्राह्य धरली तर पक्षी विसाव्या शतकात गुजरातेत होता असे म्हणावे लागते, आणि शोध घेणाऱ्यांचे लक्ष साहजिकच तिकडे वळत राहिले.

पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची नव्याने छाननी केली. कातडे भरण्याची पद्धत, टाके, आतला कापूस अशा खुणा प्रत्येक संग्राहकाच्या हस्ताक्षराइतक्या स्वतंत्र असतात. मांडवीच्या नमुन्याचे कातडे उसवून पुन्हा भरलेले आढळले, आणि मूळ कामाच्या उरलेल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हातच्या होत्या. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील खानदेशचाच नमुना संग्रहालयातून उचलून, नवे गाव व नवी तारीख लावून मांडला गेला होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. माइनर्ट्झहागेन यांचे सुमारे २०,००० नमुने ब्रिटिश संग्रहालयाकडे असल्याने त्यांतील इतरही अनेक नोंदी संशयाच्या छायेत आल्या. जिवंत पक्ष्यांच्या शोधात रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी मांडवी वगळली. त्यांनी फक्त खात्रीच्या जुन्या ठिकाणांचा माग काढला, आधी पूर्वेकडे व मग खानदेशात. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा भर उजेडात, उघड्या फांदीवर बसलेला दिसला. खऱ्या चिठ्ठीने ११३ वर्षांनंतरही अचूक वाट दाखवली. या एका गोष्टीसाठी तरी प्रत्येक निरीक्षकाने आपल्या वहीतील गाव आणि तारीख जपावी.

गावोगावी आढळणाऱ्या साध्या पिंगळ्यापासून रानपिंगळा वेगळा ओळखताना डोक्याकडे पाहावे. पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्याचा असतो. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट मधोमध स्वच्छ पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे, पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि नख्या दणकट. सावजावर नजर लागली की तो शेपूट झटक्याझटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. सागाच्या विरळ रानात तो दिवसाही सरडे-पाली टिपतो. रात्री बॅटरी घेऊन त्याला शोधणे व्यर्थ आहे. नंतरच्या काळात तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही तो आढळला. गुजरातेतही आता त्याच्या खऱ्या नोंदी आहेत, पण त्यामुळे १९१४ ची नोंद खरी ठरत नाही. वर्गीकरणाचा वाद अधिक चिवट आहे. काही अभ्यासक हेटेरोग्लॉक्स हा स्वतंत्र वंश राखतात. अलीकडील जनुकीय पुरावा मात्र त्याला पिंगळ्यासोबत ॲथीनी वंशात ठेवण्याच्या बाजूचा आहे व तोच येथे ग्राह्य धरला आहे. संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत २०१८ मध्ये त्याचे स्थान ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असे बदलले. त्याचे मुख्य कारण नवी ठिकाणे सापडणे हे होय.

प्रादेशिक वैविध्य : राज्यातील पक्ष्यांची वाटणी मुख्यतः पावसावर ठरते. आंबोली-महाबळेश्वरला वर्षाकाठी ६,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर घाटमाथ्यापासून पूर्वेला काही तासांच्या अंतरावरच्या माणदेशात तो ५०० मिमी.च्या आसपास उतरतो. कोकणच्या खाड्या व तिवरांत तुतारी, चिलखे व रोहित हिवाळा काढतात. ठाणे खाडीचा रोहित अभयारण्याचा दर्जा २०१५ चा आहे व २०२२ मध्ये तिचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी भिंतीला चिकटवतात, आणि त्या घरट्यांची चोरटी विक्री ही तेथील खरी अडचण ठरली आहे. सह्याद्रीत शीळकरी कस्तूर, कर्णा, मलबारी धनेश हे सदाहरित रानाचे रहिवासी. कर्नाळा (१९६८) हे मुंबईजवळचे अभयारण्य याच पट्ट्यात येते.

पश्चिम घाट आणि पूर्व हिमालय या दोनच टोकांना आढळणारे, मधल्या भारतात नसणारे काही पक्षी आहेत. तिलारी-दोडामार्गच्या रानातला महाधनेश हे त्याचे ठळक उदाहरण. १९४९ मध्ये सुंदरलाल होरा यांनी माशांच्या आधारे असा तर्क मांडला की, हिमयुगातील दमट काळात सातपुड्याच्या रांगेवरून हे जीव दक्षिणेत उतरले. सालिम अलींनी त्याच वर्षी तो पक्ष्यांना लावून पाहिला. सातपुड्याची कमी उंची आणि गारो-राजमहाल दरम्यानची खिंड हे त्यावरचे जुने आक्षेप. निरनिराळ्या जीवगटांची फारकत वेगवेगळ्या काळी झाल्याचे जनुकीय अभ्यासांत दिसते. तेव्हा सर्वांसाठी एकच वाट व एकच काळ न मानणारे मत अधिक पटण्याजोगे आहे.

दख्खनच्या माळरानांवर माळढोक, तणमोर, धाविक, पखुर्डी, चंडोल व हिवाळी भोवत्या ही खास मंडळी. सोलापूर-अहमदनगरचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये सुमारे ८,५०० चौ.किमी. क्षेत्रावर जाहीर झाले व पुढे सुमारे १,२२२ चौ.किमी.पर्यंत आटोपते घेण्यात आले. या अभयारण्यातील सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात आज माळढोक दिसणे अत्यंत दुर्मिळ झाले आहे. माळ म्हणजे पडीक जमीन या महसुली समजुतीने या पक्ष्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे बंदुकीने क्वचितच केले असेल. याउलट पाणपक्ष्यांना धरणांनी नवा आसरा दिला : उजनीच्या फुगवट्यावरील भिगवण, जायकवाडीचा नाथसागर आणि २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मध्यमेश्वर. पट्टकदंब व चक्रवाक येथे थव्यांनी येतात. साइक्सच्या काळी हे जलाशय नव्हते. त्यामुळे त्याची सूची आजच्या सूचीशेजारी ठेवून वाढ-घट मोजताना जपून राहावे लागते.

विदर्भात सारस आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. मालगुजारी तलाव व भातखाचरे हा त्याचा आधार असून घरटे अनेकदा शेतकऱ्याच्या बांधीतच असते. त्याचे रक्षण सर्वस्वी त्या शेतकऱ्याच्या सहनशीलतेवर आहे. मराठवाड्याचा जायकवाडीबाहेरचा भाग व गडचिरोली यांविषयी प्रकाशित नोंदी विरळ आहेत.

शेजारच्या गोव्यात चोडण बेटावरील १.७८ चौ.किमी.चे सालिम अली पक्षी अभयारण्य तिवरांतील पक्ष्यांसाठी, तर तांबडी सुर्ला व बोंडला हे भाग घाटातील पक्ष्यांसाठी ओळखले जातात.

सद्यःस्थिती : महाराष्ट्र पक्षिमित्र या संघटनेच्या संमेलनांतून हा छंद तालुक्यांपर्यंत पोहोचला. चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्य शासनाने २०२० मध्ये जाहीर केला. हौशी निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरलेल्या याद्यांवर आधारलेल्या २०२३ च्या देशव्यापी अहवालात ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य दिले आहे. मात्र याद्या जिथे राहणारे-फिरणारे लोक जास्त तिथेच जास्त भरतात. पुणे-मुंबई पट्ट्यातील दाट नोंदी व इतरत्रची पोकळी यांतून पक्ष्यांपेक्षा निरीक्षकांचाच प्रसार दिसण्याचा धोका आहे. चोरट्या शिकारीच्या व छायाचित्रकारांच्या गर्दीच्या भीतीने काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे आता जाहीर केली जात नाहीत. नोंद पूर्ण ठेवायची, पण ठिकाण फक्त अभ्यासकांस उपलब्ध करायचे, असा मार्ग त्यासाठी अवलंबला जातो.