कात काढणे

खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, काढा आटवून आणि थिजवून त्याच्या वड्या पाडण्याचा व्यवसाय. खैराचे शास्त्रीय नाव सेनेगालिया कॅटेचू (जुन्या ग्रंथांत अकेशिया कॅटेचू). उत्तर कोकण व सह्याद्रीच्या पायथ्याशी हा धंदा मुख्यतः कातकरी अथवा काथोडी जमातीकडे होता. आज ही जमात रायगड, ठाणे, पालघर, पुणे, नाशिक व रत्नागिरी या जिल्ह्यांत आढळते. कोलाम व माडिया गोंड यांच्यासोबत महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत तिची गणना होते. विड्यातील काताचा उपयोग सर्वश्रुत आहे.

व्युत्पत्ती व मूळ : ‘कात करणारा तो कातकरी’ ही फोड सरळ आहे, मात्र त्यावरून जमातीचे मूळ ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज नोंदकारांना कातकऱ्यांनी स्वतःची कुळी रामाबरोबर लंकेवर गेलेल्या वानरांपासून सांगितल्याचे आढळते. चेहरेपट्टी व बोलीच्या आधारे त्याच नोंदकारांनी ही जमात उत्तरेकडून, गुजरातच्या बाजूने कोकणात उतरली असावी व तिचे नाते भिल्लांशी असावे असा तर्क केला. भाषाभ्यासक ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात (खंड ७, १९०५) कातकरी बोली मराठीच्या बोलींमध्ये घातली असून तिच्यातील भिल्ली धर्तीच्या खुणांचीही दखल घेतली आहे. एवढ्यावरून स्थलांतराचा काळ ठरवता येत नाही. जमात आधीची आणि धंद्यावरून मिळालेले नाव नंतरचे, हे मत अधिक संभवनीय वाटते. एरवी कात न काढणाऱ्या गटांनाही तेच नाव का, याचा उलगडा होत नाही. सोन कातकरी व ढोर कातकरी या दोन मुख्य शाखांतील भेद आहाराचा, विशेषतः गोमांस खाण्या-न खाण्याचा आहे. कात काढण्याच्या भट्टीशी त्याचा संबंध नाही.

‘कात’ या शब्दाबद्दलही एकमत नाही. खैर हा संस्कृत खदिरपासून आला हे निर्विवाद आहे. कात मात्र काहींच्या मते क्वाथ (काढा) यापासून, तर काहींच्या मते दाक्षिणात्य भाषांतील ‘काचु’सारख्या रूपांतून आला. ‘साप कात टाकतो’ यातील कात हा वेगळा शब्द असून तो बहुधा कृत्ती (कातडे) यापासून आला असावा. बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने १५१६ च्या सुमारास खंबायतहून मलाक्केला जाणाऱ्या मालात ‘काचो’ची नोंद केली आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने खैराचा काढा आटवून, त्यात नाचणीचे पीठ व एका काळ्या लाकडाची राख मिसळून वड्या करीत असे सांगितले आहे. म्हणजे भेसळीची परंपराही निदान तितकी जुनी आहे. ग्रीकांचे ‘लायकिऑन’ हे औषध म्हणजे कातच, हे ओर्ताचे मत पुढे टिकले नाही. ते दारुहळदीच्या जातीतील झुडपाचे सत्त्व असावे असे आता मानतात. युरोपातील औषधविक्रेते तर दीर्घकाळ काताला ‘जपानी माती’ म्हणत. तो जपानचा नव्हता आणि मातीही नव्हता.

कृती : हंगाम दसरा-दिवाळीनंतरचा. त्याचे कारण रासायनिक आहे. खैराच्या गाभ्यात दोन द्रव्ये असतात. कॅटेचिन गरम पाण्यात विरघळते आणि थंडीत स्फटिकरूपाने खाली बसते; हाच विड्याचा कात. दुसरे टॅनिन (कातडी कमावण्यास लागणारे तुरट द्रव्य) थंड पाण्यातही विरघळलेलेच राहते. आटवल्यावर त्याचा काळपट, चिकट ‘कच’ होतो. रात्री गारठल्या नाहीत तर कात बसत नाही आणि सगळा रस कचाच्या बाजूला जातो.

कुटुंबे बायकामुलांसह खैराच्या रानात मुक्कामाला जात. जुन्या वर्णनांनुसार पहिले झाड तोडण्यापूर्वी त्याला शेंदूर लावून, नारळ वाढवून, धूप दाखवून त्याच्याकडे बरकत मागत. त्यानंतर बुंध्याला कुऱ्हाडीची खाच पाडून गाभा पाहिला जाई. तो गडद तांबडा असावा लागतो आणि त्यात पांढरे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर झाड उत्तम. कोवळ्या झाडात गाभा बोटभर आणि बाकी सगळे पांढरे लाकूड. असे झाड तोडून लाकूडही जाते आणि सरपणही. क्वचित जुन्या खोडाच्या पोकळीत कॅटेचिनची पांढरी भुकटीच साठलेली सापडते. तिला खैरसार म्हणतात. औषधी म्हणून तिला काताहून जास्त भाव येई.

साल आणि पांढरे लाकूड पुरते तासून टाकावे लागते. ते राहिले तर काढा गढूळ होतो आणि कात बसत नाही. गाभ्याच्या पातळ ढलप्या पाडून, लांब चरावर ओळीने मांडलेल्या मडक्यांत पाण्याखाली बुडतील इतक्या भरतात. काढा निम्म्यावर आला की गाळून घेतात, त्याच ढलप्यांवर पुन्हा पाणी घालतात आणि हा दुसरा फिका काढा ताज्या ढलप्यांवर वापरतात. मडकी मातीचीच लागतात. लोखंडाचा स्पर्श झाला की टॅनिनशी त्याचा संयोग होऊन रस शाईसारखा काळा पडतो, मग तो कात कोणी घेत नाही. गाळलेला रस मंद आचेवर काकवीइतका दाट करतात. येथे घाई केली, रस तळाला लागला किंवा फार वेळ उकळला, तर कॅटेचिन बिघडून टॅनिनसारखे होते. उतारा घटतो आणि रंग तपकिरीऐवजी काळसर येतो.

दाट रस सावलीत काही दिवस निवू देतात. तो रवाळ झाला की कापडात घालून दाबतात, पाझरलेला कच वेगळा धरतात आणि उरलेल्या लगद्याच्या वड्या कापतात. वड्या सावलीतच वाळवायच्या, कारण उन्हात त्या तडकतात व काळवंडतात. ओलसर राहिल्या तर पावसाळ्यात बुरशी धरतात. गाभ्याच्या वजनाच्या साधारण चार-पाच टक्के कात मिळतो. सरपण मात्र त्याच्या कित्येक पट जळते, आणि वनखात्याचा रोष मुख्यतः यावरच होता. कच कातडी कमावण्यास, तसेच सुती जाळी व शिडे रंगवून टिकाऊ करण्यास जाई. नायलॉनची जाळी आल्यावर किनाऱ्यावरची ही मागणी संपली. बाळंतिणीला देतात त्या कातबोळात काताबरोबर बोळ (एक औषधी डिंक) असतो.

बाहेरच्यांशी संबंध : रानातल्या वड्या बाजारापर्यंत नेणारा व्यापारी कातकऱ्यांना धान्य, मीठ व कापड आगाऊ देई आणि हंगामअखेर कात वळता करून घेई. माप व भाव दोन्ही त्याचेच असत. तरी झाड निवडण्याचे आणि रस ओळखण्याचे कसब कातकऱ्यांकडे असल्याने त्यांना काही वजन होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगले आखली गेली, तेव्हा खैर सरकारी झाला आणि भट्टी हा गुन्हा ठरला. ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या मुंबई वन आयोगाने १८८७ मध्ये अहवाल दिला. कातकऱ्यांची भट्टी त्यानंतरही परतली नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेर येथे झालेल्या जंगल सत्याग्रहात गोळीबारात मरण पावलेल्यांत नाग्या कातकरी यांचा समावेश आहे.

धंदा गेल्यावर जमात कोळसा पाडण्याकडे व पुढे वीटभट्ट्यांकडे वळली. व्यवहाराची रीत जुनीच राहिली: पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर जोडप्याने ती फेडायला जायचे. फरक इतकाच की विटा थापण्याचे काम कोणालाही शिकवता येते. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असली तरी उचलीचे हिशेब बहुधा तोंडीच राहतात. अनेक कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या असल्याने घराखालच्या जागेचा प्रश्नही त्यात मिसळलेला असतो.

कात काढण्याचे काम आता मुख्यतः कारखान्यांत होते. चिपळूण व सावर्डे हा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. लाकूड मालकी जमिनींवरून येते; खैर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने तोडीस परवानगी लागते. शीतगृहांमुळे हंगामाचे बंधन सैल झाले आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील झाडोल व कोटडा भागात काथोडी वस्त्या आहेत. काताच्या व्यापाऱ्यांनी तेथील खैरासाठी महाराष्ट्रातून नेलेल्या कुटुंबांचे ते वंशज होत. कातभट्ट्या तेथेही बंद पडल्या आहेत.