कानाच्या आत, पण किती आत?

२४ जूनला सांजांवच्या, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या विहिरीत उड्या मारायच्या सणाच्या, विहिरी गाजल्या की पुढच्या आठवड्यात उत्तर गोव्यातल्या बार्देशात कुणाचा ना कुणाचा कान ठणकतोच. घरची आजी लसूण घालून खोबरेल कडवते आणि "आतून पिकला" म्हणते. (गरम तेल कानात नकोच, पडद्याला भोक असलं तर भलतंच होईल.)

नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, कानाच्या आतला संसर्ग बरा करतील अशा बातम्या येतात, त्यांतही घोळ आहे तो या 'आतून'चाच. पाण्याने पिकते ती बाहेरची नळी. पोरांचा कान सर्दीनंतर वाहतो तो पडद्यामागच्या मध्यकर्णातून. खरा अंतर्कर्ण त्याच्याही पलीकडे, कवटीच्या अतिशय टणक हाडात गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला. तिथला संसर्ग विरळा आणि बहुधा विषाणूंचा. त्यात पू वाहत नाही. घर गरगरतं, ऐकू येणं कमी होतं. त्या बातम्यांत मात्र हे तिन्ही कान एकच होऊन जातात.

रक्तातलं औषध अंतर्कर्णात सहजी उतरत नाही, मध्ये मेंदूसारखीच गाळणी असते. १९४३ साली सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन ती ओलांडून शिरलं. क्षय आटोक्यात आला, पण रोग्यांचा तोल गेला, काही बहिरे झाले. १९५६ मध्ये याच दुर्गुणाचा उपयोग करून मेनियर या अंतर्कर्णाच्या आजारातली चक्कर थांबवायला ते कानाच्या पडद्यातून सुईने मध्यकर्णात सोडलं गेलं. तिथून गोल गवाक्षाच्या, म्हणजे अंतर्कर्णात उघडणाऱ्या खिडकीच्या, जेमतेम ०.०७ मिलिमीटर जाडीच्या पडद्यातून ते आत झिरपतं. पण बरंचसं घशाकडच्या नळीतून निसटतं. म्हणून असं इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास न गिळता कुशीवर पडून राहायला सांगतात.

निसटू नये, हळूहळू सुटावं, यासाठी नॅनोकण. ते औषध नव्हेत, वाहन. मेदाच्या कुप्यांत भरलेल्या कर्करोगाच्या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्येच परवानगी मिळाली होती. कानासाठी युरोपात मोठा प्रकल्प उभा राहिला २००६ मध्ये, तोही संसर्गासाठी नव्हे, बहिरेपणासाठी. आणि २०१६ साली चिंचिला नावाच्या प्राण्यात एकाच मात्रेने कानाचा संसर्ग बरा केला ते होतं कानाच्या पडद्यावर घालायचं जेल, पडद्यामागच्या मध्यकर्णासाठी!

माणसाच्या अंतर्कर्णासाठी नॅनोकणांचं औषध अजून दुकानात नाही. जिवंत माणसाच्या अंतर्कर्णाचा तुकडा काढून तपासता येत नाही, काढला की ऐकणं गेलं. म्हणून पुरावा बहुतेक उंदीर-गिनिपिगांचा, आणि त्यांचा तो गवाक्षाचा पडदा आपल्यापेक्षा कितीतरी पातळ.