गाळ बसतो कसा: सक्रिय गाळ पद्धतीची पार्श्वभूमी

सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले होते. पण तेव्हा तळाशी साचलेला गाळ टाकून दिला जाई. १९१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर अमेरिकेतल्या लॉरेन्स या सांडपाण्यावरच्या प्रयोग केंद्रातले प्रयोग पाहून इंग्लंडमध्ये मँचेस्टरला परतले. त्यांच्या सांगण्यावरून एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी डेव्हीहल्म इथल्या मँचेस्टरच्या सांडपाणी केंद्रात बाटल्यांत सांडपाणी भरून हवा सोडली. पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे गेले. मग त्यांनी वरचं निवळ पाणी ओतून दिलं, गाळ तसाच ठेवला आणि नवं सांडपाणी भरलं. हेच पुनःपुन्हा केल्यावर तेवढंच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागलं. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. गाळ राखून पुन्हा वापरण्याची हीच सक्रिय गाळ पद्धत.

हवेचं श्रेय सगळेच देतात. माझ्या मते खरी युक्ती गाळ राखण्यात होती. आणि राखायचा तर तो आधी बसला पाहिजे.

सुटा जिवाणू इतका बारीक आणि हलका, की तो तरंगतच राहतो. जिवाणूंच्या चिकट स्रावाने त्यांचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, बनतात आणि तेच खाली उतरतात. तंतुमय जिवाणू या पुंजक्यांचा सांगाडा असतात. थोडे असले तर गाळ घट्ट होतो. फार माजले तर पुंजक्यांबाहेर डोकावून शेजाऱ्याला जवळ येऊ देत नाहीत. गाळ फुगतो आणि क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ बसवण्याच्या टाकीच्या, काठावरून पाण्याबरोबर निघून जातो. याला बल्किंग म्हणतात.

गाळ किती नीट बसतो याचं मोजमाप शिकागोच्या मोलमन यांनी १९३४ मध्ये सुचवलं. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये एरेशन टाकीतलं, म्हणजे हवा सोडण्याच्या टाकीतलं, गाळ-पाण्याचं मिश्रण घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचं. आधी नुसता गढूळपणा दिसतो, मग पुंजके धरतात आणि गाळ व पाण्यामधली रेघ एकसंध खाली सरकते. शेवटी गाळ स्वतःच्याच भाराने दबत जातो. गाळ २५० मिलिलिटरवर थांबला आणि मिश्रणात लिटरमागे अडीच ग्रॅम घन पदार्थ असले, तर २५० भागिले अडीच, म्हणजे गाळाचा निर्देशांक १००. साधारण १५०च्या वर गेला की ऑपरेटर सावध होतो. मात्र बसलेला गाळ काही वेळाने पुन्हा वर आला, तर दोष तंतूंचा नसतो: तळाशी नायट्रेटपासून सुटलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे तो उचलतात.

पुढे १९७५ मध्ये नेदरलँड्सच्या आइकेलबूम यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे प्रकार ओळखण्याची पद्धत दिली, तेव्हा कुठे तंतू मारायला सरसकट क्लोरीन टाकण्याऐवजी कारण शोधणं जमू लागलं. त्याच देशात नंतर दाणेदार गाळाचं, म्हणजे सैल पुंजक्यांऐवजी जिवाणूंचे दाणे बनवण्याचं, तंत्र उभं राहिलं. हे दाणे इतके घट्ट असतात, की अर्ध्या तासात जेवढे बसायचे, त्यातले बहुतेक पाच मिनिटांतच बसलेले असतात.