चौकट गेली आणि कॅनव्हासची कड उघडी पडली

कॅनव्हास लाकडी स्ट्रेचरवर, म्हणजे मागच्या आधार-चौकटीवर, ताणायचा, कडा मागे वळवायच्या, कोपऱ्यात फुगवटा राहणार नाही अशी घडी घालायची आणि स्टेपल सगळे पाठीमागे मारायचे. आज हे इतकं गृहीत धरलं जातं की ही पद्धत पहिल्यापासून अशीच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ताणण्याचं कसब सहाशे वर्षांहून जुनं आहे, तर कडा नेटक्या गुंडाळण्याचा आग्रह गेल्या शतकातला.

इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने 1400च्या सुमारास चित्रतंत्रावर लिहिलेल्या ग्रंथात कापड चौकटीवर ताणायची कृती दिली आहे. आधी शिवणीच्या रेषेत खिळे, मग सभोवार. पण तेव्हा मोठी, मानाची कामं भिंतीवर किंवा लाकडी फळीवर होत. व्हेनिसने हे बदललं. तिथल्या खाऱ्या, दमट हवेत भित्तिचित्रं टिकत नव्हती, आणि जहाजांच्या शिडांमुळे जाडं कापड मुबलक होतं. तिथला चित्रकार कार्पाच्चो याने 1490च्या दशकात संत उर्सुलाची चित्रमालिका कॅनव्हासवरच रंगवली. कापडाची रुंदी मागाच्या रुंदीएवढी, म्हणून मोठ्या चित्रासाठी पट्टे एकमेकांना शिवत. कॅनव्हास गुंडाळून नेता येई. फळी कशी नेणार?

त्यानंतरची पद्धत पाहण्यासारखी आहे. 17व्या शतकातले डच चित्रकार कापडाच्या कडांना दोरी ओवून ते एका मोठ्या चौकटीत ताणत. त्यावर सरस आणि मग रंगासाठीचा थर चढवत. दोरीच्या प्रत्येक ओढीने धागे किंचित कमानदार होत, आणि थर सुकला की त्या लाटा कायमच्या पक्क्या. आज क्ष-किरण चित्रात त्या स्पष्ट दिसतात. एखाद्या बाजूला लाटाच नसतील, तर तिथून चित्र कापलं गेलं असावं असा संशय घेता येतो. एकट्या लाटांवर निर्णय देऊ नये हे खरं, पण अशी कापाकापी तेव्हा सर्रास चाले. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’सुद्धा 1715 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या नगरभवनातल्या भिंतीवर बसावं म्हणून कडांना कापलं गेलं.

चित्र ज्या आधार-चौकटीवर ताणलेलं राही, तिचे कोपरे पक्के जोडलेले असत. हवेतल्या ओलाव्याबरोबर कापड आणि सरस दोन्ही हलतात. चित्र सैल पडलं की खिळे उपटून पुन्हा ताणायचं, एवढाच उपाय होता. 18व्या शतकाच्या मध्यावर त्यावर तोड निघाली: सुटे कोपरे आणि त्यांत आतून ठोकायच्या लाकडी पाचरी. हलकेच ठोकलं की चौकट जराशी फाकते आणि कापड ताठ होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी युक्ती हीच. मुळात ढिला ताणलेला कॅनव्हास पाचरींच्या भरवशावर सोडायची सवय मात्र वाईट. सगळा ताण कोपऱ्यांवर येतो आणि तिथून तिरप्या सुरकुत्या निघतात.

19व्या शतकात तयार ताणलेले कॅनव्हास दुकानांत मिळू लागले. फ्रान्समध्ये व्यक्तिचित्र, निसर्गचित्र आणि सागरचित्र यांसाठी क्रमांकवार मापं ठरली. व्हॅन गॉगचं आवडतं 30 क्रमांकाचं माप साधारण 92 बाय 73 सेंटिमीटर. खिळे अजूनही बाजूच्या कडेवरच असत, कारण ती कड चित्राभोवतीच्या शोभेच्या चौकटीखाली झाकली जाई. ती कशीही दिसली तरी कुणाची हरकत नव्हती. लोखंडी खिळे गंजून भोवतीचं कापड कुजवत. मग दुरुस्ती करणारे मागे दुसरं कापड चिकटवत आणि जीर्ण कडा छाटून टाकत, त्यामुळे मूळ कड शाबूत असलेली जुनी चित्रं कमीच.

20व्या शतकात ही बाहेरची चौकटच हटली. डच चित्रकार मोंद्रियानने कॅनव्हास चौकटीच्या मागे न दडवता पुढे आणला. 1950च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेलाने जाड स्ट्रेचर वापरले, आणि चित्र भिंतीपासून उचललेल्या वस्तूसारखं दिसू लागलं. मग बाजूचे खिळे खुपणारच. स्टेपल गन हाती आल्यावर ते पाठीमागे नेणं सोपं झालं. अमेरिकन चित्रकार जो बेअरने तर कडांवरच रंगकाम केलं. 1990च्या दशकानंतर कॅनव्हासवर छपाई रुळली आणि गुंडाळलेली कड घरोघरी पोहोचली. तिथे जुना पेच नव्याने आला: जाड स्ट्रेचरवर चित्राचा चारही बाजूंचा भाग वळणात जातो. म्हणून छपाईवाले कडेची आरशातली प्रतिमा छापतात. चित्रकाराला मात्र ती जागा आधीच सोडावी लागते.

कोपऱ्याच्या घडीबाबत आजही दोन मतं आहेत. जादा कापड कापलं तर घडी पातळ बसते. पण पुढे कुणाला कॅनव्हास उतरवून पुन्हा ताणायचा झाला, तर पकडीत धरायला कापड उरत नाही. त्यामुळे चित्रांचं जतन करणारे कोपरा न कापता दुमडायलाच सांगतात.