रायफलवर दुर्बीण बसवण्याआधी

ऑलिंपिकमधल्या १० मीटर एअर रायफल प्रकारात दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. दहा मीटरवरून तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तरीही त्या रायफलवर दुर्बीण तर सोडाच, साधं भिंगसुद्धा बसवायला नियमाने मनाई आहे. नजरेचा नंबर असेल तर खेळाडूने चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर लावावा. रायफलवर असतं ते मागे एक बारीक भोक आणि पुढे एक कडी, फार तर रंगीत फिल्टर. एवढ्या सामग्रीवर चांगले नेमबाज एकामागून एक छर्रे दहात घालतात.

हे कसं जमतं ते नीट कळलं, की साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, निवडताना काय पाहायचं हेही बरंचसं उलगडतं. रायफल घेणारा बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न विचारतो, “किती पटीची दुर्बीण घेऊ?” माझ्या मते हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी असायला हवा.

अडचण मुळात डोळ्याची आहे. उघड्या साइटने नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकाजवळची पुढची साइट आणि लांबचं लक्ष्य. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतं. पुढची साइट डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर आणि लक्ष्य १० मीटरवर असेल, तर दोन्हींत साधारण १ डायॉप्टरचा, म्हणजे चष्म्याच्या एका नंबराएवढा, फरक पडतो. बाहुली ४ मिमी उघडी असताना या फरकामुळे लक्ष्य इतकं पसरट दिसतं, की तो धूसरपणा लक्ष्यावरच्या काळ्या वर्तुळाहूनही मोठा भरतो. चाळिशीनंतर भिंगाचा लवचीकपणा कमी होतो आणि मग पुढची साइटसुद्धा धड दिसेनाशी होते.

पीप साइट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली भोक आणि कडीची जोडी, या अडचणीवर भोकाने मात करते. डोळ्यासमोर सुमारे १ मिमीचं छिद्र धरलं, की ४ मिमीच्या बाहुलीच्या तुलनेत धूसरपणाचं वर्तुळ चौपट लहान होतं. कडी आणि लक्ष्य दोन्ही एकाच वेळी पुरेसे स्पष्ट दिसू लागतात. मग भोक आणखी बारीक का करू नये? कारण एका मर्यादेनंतर प्रकाशाचं विवर्तन आड येतं. अर्ध्या मिमीच्या छिद्रातून जाणारा प्रकाश कडांशी इतका पसरतो, की फोकसच्या बाजूने जे मिळवलं ते तिथे गमावून बसतो. वर उजेडही घटतो. म्हणूनच या साइटमध्ये छिद्र लहान-मोठं करणारी चकती असते आणि उजेड बदलला की नेमबाज ती फिरवतात.

खरी गंमत पुढच्या कडीत आहे. दोन ठिपके वेगळे ओळखण्याची डोळ्याची क्षमता साधारण १ कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. दहा मीटरवर हे अंतर जवळपास ३ मिमी होतं. पण दोन आकृत्या एकमेकींशी जुळल्या आहेत की नाही, हे ओळखण्यात डोळा याहून कितीतरी तरबेज असतो. चांगल्या उजेडात तो १० कोनीय सेकंदांपर्यंतची तफावत पकडतो आणि दहा मीटरवर ती अर्ध्या मिमीच्या आसपास येते. नेमबाज ठिपका शोधतच नाही. तो काळं वर्तुळ कडीच्या मधोमध आणतो आणि भोवतीची पांढरी पट्टी सगळीकडे सारखी आहे ना, एवढंच पाहतो. बाकीचं काम मेंदू करतो. शिवाय छर्रा ४.५ मिमीचा असल्यामुळे त्याचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडला तरी दहा गुण मिळतात.

म्हणजे लक्ष्य गोल, काळं आणि उजेडात असेल तर पीप साइटला नावं ठेवायला जागा नाही. ५० मीटर रायफल आणि बायथलॉन (स्कीइंग आणि नेमबाजी) या प्रकारांतही तीच चालते. फक्त पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर शक्य तितकं जास्त हवं. ते ४० सेंटिमीटर असेल आणि पुढची साइट ०.१ मिमी, म्हणजे कागदाच्या जाडीएवढी सरकली, तर ५० मीटरवर गोळी साडेबारा मिमी बाजूला जाते. तेच अंतर ७० सेंटिमीटर असेल तर चूक सात मिमीवर येते.

दुर्बीण लागते ती लक्ष्य असं सोयीचं नसेल तेव्हा: ते लहान असतं, पार्श्वभूमीत मिसळून जातं, किंवा उजेड कमी असतो. तिचा मोठा फायदा मोठं दाखवण्यात नाही. लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉसहेअर, म्हणजे दुर्बिणीतली नेमाची फुली, ती एकाच प्रतलात आणते, त्यामुळे डोळ्याला दोन अंतरांत ओढाताण करावी लागत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका कोळ्यामुळे. १६३०च्या दशकाच्या अखेरीस विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज खगोलप्रेमीच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळं विणलं. एक धागा नेमका भिंगांच्या सामाईक नाभीपाशी, म्हणजे प्रतिमा तयार होते तिथे आला आणि आकाशातल्या वस्तूइतकाच स्पष्ट दिसू लागला.

आता पटीचं पाहू. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले पट. ४० मिमीच्या भिंगाला ४ पट ठेवली तर १० मिमीचा झोत मिळतो. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र हरवत नाही. ५० मिमीला २५ पट लावली तर झोत २ मिमीचा उरतो. डोकं तसूभर हललं की सगळं काळं. कडक उन्हात बाहुली स्वतःच २-३ मिमी असते, म्हणून तिथे निभावतं. संध्याकाळी मात्र चित्र मंद पडतं. पट वाढली की हातांचा कंप आणि तापलेल्या हवेची थरथरही तितकीच मोठी दिसते. रायफल टेकूवर ठेवून मारणारे बेंचरेस्टवाले ३६ पट किंवा त्याहून जास्त वापरतात, ते त्यांना शोभतं. हातात धरून मारणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

काचेच्या दर्जाबद्दल एवढंच: लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परतून जातो. असे दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. जर्मनीत झाइस या भिंगांच्या कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलांनी १९३५मध्ये परावर्तनरोधी लेप शोधला. पैसे वाचवायचे असतील तर पटीत वाचवावेत, लेपात नाही.

जाहिरातीत सगळ्यात लहान अक्षरात छापला जाणारा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा म्हणजे पॅरॅलॅक्स. स्कूटरवर मागे बसलेल्याला स्पीडोमीटरचा काटा चालवणाऱ्यापेक्षा वेगळ्या आकड्यावर दिसतो, तसंच हे. लक्ष्याची प्रतिमा क्रॉसहेअरच्या प्रतलात नेमकी पडते ती ठरावीक एका अंतरासाठीच. ४० मिमी भिंगाची, १०० मीटरला जुळवलेली दुर्बीण घ्या. डोळा पार काठाला गेला तर ५० मीटरवर नेम १० मिमीपर्यंत चुकतो, २०० मीटरवर २० मिमीपर्यंत. आणि दहा मीटरवर? १८ मिमी. तिथलं काळं वर्तुळच ३०.५ मिमीचं, म्हणजे केंद्रावर धरलेला नेम काळ्याच्या बाहेर जाऊ शकतो. म्हणून एअर रायफलसाठी दहा मीटरपर्यंत फोकस उतरवता येणारीच दुर्बीण घ्यावी, मग पट कमी का असेना.

हे तपासणं सोपं आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा आणि सुरक्षित दिशेला लावलेल्या लक्ष्यावर रोखा. तिला हात न लावता डोकं हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावर फिरताना दिसली, तर त्या अंतरासाठी पॅरॅलॅक्स जुळलेला नाही.

रेड डॉट, म्हणजे काचेवर लाल ठिपका दाखवणारी साइट, हा वेगळाच प्रकार. १९००मध्ये आयरिश दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी या कल्पनेचं पेटंट घेतलं. ठिपक्याचा प्रकाश काचेवरून समांतर होऊन डोळ्यात येतो, त्यामुळे तो दूर लक्ष्याजवळ असल्यासारखा भासतो. झटपट नेमाला उत्तम, बारीक नेमाला नाही: २ कोनीय मिनिटांचा ठिपका १०० मीटरवर ५८ मिमी झाकतो. ठिपका फाटलेला, चांदणीसारखा दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. कॅमेऱ्यात तो गोल दिसत असेल तर बहुधा दोष साइटचा नसून तुमच्या डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) आहे.

स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का कमी, म्हणून कुठलीही दुर्बीण चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात पिस्टन सुटताना रायफल मागे आणि तो थांबताना पुढे झटका खाते. फक्त मागच्या धक्क्यासाठी घडवलेल्या दुर्बिणीची आतली जुळणी या पुढच्या झटक्याने ढिली होते. अशा रायफलसाठी खास सांगून दुर्बीण घ्यावी लागते.

बसवताना एकच गोष्ट घाईत करू नये. .२२ बोअरची गोळी ५० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून सुमारे १२-१३ सेंटिमीटर खाली येते. रायफल ५ अंश कलली तर त्यातलं सुमारे ११ मिमी आडवं जातं, आणि ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. क्रॉसहेअर तिरकी बसली, तर ती सरळ करायच्या नादात माणूस प्रत्येक वेळी रायफलच कलती धरतो. म्हणून आधी स्पिरिट लेव्हलने रायफल समतल करा, समोर ओळंबा टांगा, क्रॉसहेअरची उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळवा आणि मगच दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा.