पीटीचा तास आला कुठून?

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकात पहिली गदा येते ती पीटीच्या तासावर. गणिताच्या बाई तो मागून घेतात, पीटीचे सर देऊन टाकतात आणि पालकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. हा तास शाळेत कशासाठी आला, हे पाहिलं की त्याचं कारण कळतं.

आपल्याकडे व्यायाम होता तो तालमीत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जोम दिला, पण तो आखाड्याच्या मातीत. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, तेही स्वतःच्या हिमतीवर; अभ्यासक्रमाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

पुढे पारतंत्र्याची बोच व्यायामात उतरली. 1914 मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, 1924 मध्ये पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. अमरावतीच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखवले. ही माणसं मोठीच होती. मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने राष्ट्र होतं. वर्गात मन न लागणारं, बाकावर अवघडून बसलेलं मूल त्या चित्रात क्वचितच दिसतं.

वेगळी वाट धरली ती स्वामी कुवलयानंदांनी. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, नंतर अमळनेरला शिक्षक. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीराच्या आत काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांखाली तपासलं आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ नियतकालिकात छापले. परंपरेबद्दल आदर बाळगून तिची मोजमापं घेणं, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष झाले. त्याच सुमारास, 1938 मध्ये, कांदिवलीला व्यायामशिक्षक घडवणारी संस्था उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा हेतू बदलला. 1954 मध्ये आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. सावधान, विश्राम, ढोलाच्या ठेक्यावर कवायत, लेझीम! मुलांना त्यात आनंदही मिळाला, पण मोजली गेली ती शिस्त. नंतर पदकं आली, दहावीचे वाढीव क्रीडागुण आले. त्यांचा लाभ मोजक्या खेळाडूंना. धावताना दम लागणारा मुलगा मैदानाच्या कडेलाच उभा राहिला. खरं तर या तासाची सर्वाधिक गरज त्यालाच होती. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान बंधनकारक केलं आणि सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, ठरवून दिला. पण अट अशी, की पटसंख्या शंभरावर हवी. डोंगरातल्या, वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळा तिथेच बाद होतात आणि तिथली मुलं मैदानावर उतरतात ती वर्गशिक्षकांना वेळ झाला तर.